उमरखेडच्या वाटेवर, कापसाच्या बंडीत

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. निकाल लागल्यावर पेढे वाटून झाले आणि मग मोठा प्रश्न उभा राहिला: आता हिचे करायचे काय? बाबा कचेरीत कारकून. त्यांना वाटे, यवतमाळातच एखाद्या शाळेत चिकटावे. माझ्या डोक्यात मात्र खेडे होते. भाषणांतून ऐकलेले, पुस्तकांतून वाचलेले. एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून मी माझ्या मैत्रिणीकडे, कुसुमकडे, जायचे ठरवले. ती उमरखेडच्या पलीकडे एका बंजारा तांड्याजवळ ग्रामसेविका होती आणि तिचे पत्र आले होते: "कापूस फुटला आहे. आत्ताच ये. पावसाळ्यात आलीस तर चिखलाशिवाय काही दिसणार नाही."

आई म्हणाली, "तिकडे साप असतात."

मी म्हणाले, "साप आपल्या परसातही असतात."

"परसातल्याला मी ओळखते," आई म्हणाली आणि डब्यात दशम्या भरू लागली.

ज्यांना या वाटेने जायचे असेल त्यांनी सकाळची एस.टी. धरावी. दिग्रस, पुसद करत उमरखेडला पोहोचेपर्यंत दुपार कलते. पुसदच्या अलीकडे वळणे फार आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या बाकावर बसावे आणि खिडकी सोडू नये. पुसदच्या स्टँडवर भजी गरम मिळतात, पण चहा इतका गोड की चमचा उभा राहावा. धूळ मात्र फुकट. उतरले तेव्हा माझे पांढरे पातळ मातकट झाले होते आणि मला घ्यायला आलेली कुसुम माझा अवतार पाहून हसत उभी होती.

तांड्याची माणसे पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत. आता ती शेती करतात. त्यांची घरे दाटीने, एका नाल्याच्या काठाने वसलेली. आपसांत ती गोरबोली बोलतात आणि आपल्याशी वऱ्हाडी. कुसुमची खोली हरसिंग नाईकांच्या घराला लागून होती. हरसिंग म्हणजे उंच, वाळका, लाल पागोटे बांधणारा माणूस. त्याची बायको जमनी, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी चंदी. चंदीची लेक जेमतेम दीड-दोन महिन्यांची, नाव अजून ठेवायचे होते. सगळे तिला नुसते 'छोरी' म्हणत.

दुसऱ्या दिवशी मी जमनीबरोबर कापूस वेचायला गेले. कमरेला फडके बांधून त्याची ओटी करायची आणि दोन्ही हातांनी बोंडे रिकामी करत पुढे सरकायचे. दिसते सोपे. वाळलेल्या बोंडाची टोके सुईसारखी असतात, थोड्या वेळात माझी बोटे रक्ताळली. जमनी तासाच्या, म्हणजे ओळीच्या, तोंडाशी आली की आधी पऱ्हाटी, कापसाची झाडे, काठीने झोडपायची. मी कारण विचारले तर म्हणाली, "जनावराले सांगा लागते, आमी आलो म्हनून."

तासाभराने तिने न बोलता हात आडवा केला. चार पऱ्हाट्यांपलीकडे, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक नाग फणा काढून उभा होता. काळा नव्हे, गव्हाळ. मी मागे वळून पळायच्या बेतात होते.

"उभी राह्य, बाई," जमनी पुटपुटली. "काहून पळतं? तुले त्याचं काही देनं हाय काय?"

आम्ही उभ्या राहिलो. नागाने फणा मिटला आणि तो धुऱ्यातल्या भेगेत निघून गेला. जमनीने ओटी सावरली आणि पुन्हा वेचायला लागली. कुसुमने रात्री मला भरपूर हसून घेतले. मग एकदम म्हणाली, "पण मी अजून कंदील घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही हं."

परतायच्या दिवशी कुसुमला बैठक होती. हरसिंग उमरखेडच्या बाजारात कापूस नेणार होता, त्याच बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, मी जावे असे ठरले. चंदीही निघाली होती. तिचा नवरा बाजारात भेटून तिला सासरी नेणार होता. सासरी जायचे म्हणून ती पूर्ण नटलेली: आरसे आणि कवड्या जडवलेला जड घागरा, त्याला त्यांच्यात फेटिया म्हणतात, दंडापर्यंत पांढऱ्या चुड्या, कपाळाशी लोंबणारे चांदीचे घोंगरे. बंडीत कापूस दाबून भरला होता, पण दाबलेला कापूस टणक. ओली बाळंतीण, तान्हे मूल. म्हणून जमनीने शेताच्या कडेला दोन दिवस पडलेल्या ढिगातला मऊ कापूस पहाटे पाट्या भरभरून आणला आणि वर पसरला. त्यात लेकीसाठी बसायला खड्डा केला. इतक्या मायेने केलेली बैठक मी पाहिली नाही. घाईत तो कापूस कोणी झटकला नाही.

हरसिंग पुढे, बैलांच्या शेपटीशी. त्याच्या पाठीशी मी, मागे तोंड करून. माझ्यासमोर चंदी, बंडीच्या मागच्या टोकाला टेकून, पाय पसरून, फेटियाचा घेर दोन्ही बाजूंना पांगलेला. तिच्या उजव्या गुडघ्याशी गोधडीवर छोरी झोपलेली.

ऊन कोवळे होते. चंदी मला सासूच्या गोष्टी सांगत होती. सासू पाणी मोजून देते, पण भाकरी न मोजता. नाल्याचा उतार संपला, बंडी पात्रातून पलीकडचा चढ चढू लागली आणि कुठून तरी सूं... असा आवाज आला. लोहाराचा भाता दाबावा तसा, लांबलचक.

"बा, चाक वाजून राह्यलं काय?" चंदीने विचारले.

"चाकाले कालच तेल देल्लं," हरसिंग म्हणाला. तरी त्याने बैल थांबवले, कान लावला.

चाके थांबली. आवाज थांबला नाही.

तेव्हा मला ती दिसली. चंदीच्या डाव्या पावलापासून वितीवर, फेटियाच्या काठावर, पांढऱ्या कापसातून अर्धी वर आलेली. मातकट अंग, त्यावर साखळीसारखे गडद गोल. मनगटाएवढी जाड. घोणस. तिने मान आखडून मागे घेतली होती आणि श्वासागणिक अंग फुगत होते.

"चंदी," मी म्हणाले, "पाय हलवू नकोस."

तिने माझ्या नजरेच्या रोखाने पाहिले. तिच्या कपाळाचे घोंगरे थरथरू लागले.

"कोनतं?" हरसिंगने मान न वळवता विचारले. मी सांगितले. त्याने कासरा आवळला. मग म्हणाला, "मले उतरता येत न्हाई. ओझं मागं हाय. मी उठलो त बंडी उलाळ होते."

माझ्या लक्षात आले. आम्ही चढावर होतो. त्याचे वजन पुढून निघाले असते तर बंडी मागे कलंडली असती, आणि सगळा कापूस, घोणस, चंदी, छोरी, एकमेकांवर गेले असते. बैलांनाही वास आला असावा. डावा बैल सारखा खूर आपटत होता. हरसिंग जिभेने टक्-टक् करत त्याला समजावत होता.

"लेकराले घ्या पहिले," तो म्हणाला. "गोधडीसकट. वढा. उचलू नका."

मी गोधडीचे टोक धरले आणि ओढले. बोटभर. थांबले. आणखी बोटभर. घोणशीचे डोके माझ्याकडे वळले आणि पुन्हा चंदीच्या पावलाकडे गेले. छोरीने झोपेत पाय झाडला. मी थांबले. माझा घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला मला हात नव्हता. शेवटी गोधडी माझ्या गुडघ्याला लागली. मी छोरीला छातीशी घेतले, तशी ती जागी होऊन रडू लागली. चंदीच्या काचोळीवर दुधाची ओल पसरली. तिचे हात आपोआप पुढे आले आणि तिनेच ते मागे घेतले.

आता चंदी. घोणशीचे अर्धे अंग घेरावर होते. पाय ओढला की कापड ओढले जाणार, आणि कापड ओढले की ती चावणार. मला एकच वाट दिसली.

"नाडा सोड," मी म्हणाले. "फेटियातून पाय वर काढून घे. फेटिया राहू दे तिथंच."

मी मरायलाच सांगितले असावे तसे चंदीने माझ्याकडे पाहिले. "बा हाय समोर," ती म्हणाली.

"जीव मोठा की लाज मोठी?" हे मी म्हणाले. वादविवाद स्पर्धेत टाळ्या घेणारे वाक्य.

"तुमाले सोपं हाय, बाई. तो माया बाप हाय." आणि ती खरोखरच हलेना. ओठ मिटून, डोळे मिटून बसली. तिचा निश्चय झाला होता, हे मला दिसत होते. घोणशीने पुन्हा भाता दाबला.

माझ्या पाठीशी काही सळसळले. लाल कापड माझ्या खांद्यावरून मांडीत पडले, मग आणखी, मग आणखी. हरसिंगने पागोटे सोडले होते. तो एका हाताने कासरा धरून, एका हाताने ते मागे सोडत होता. त्याचे बोडके, पांढरे डोके मला पहिल्यांदा दिसले. तांड्यात कोणी ते पाहिलेले नसावे.

"छोरी," तो आपल्या लेकीला म्हणाला, "हे गुंडाय. मी आंधया झालो समज. उतरलो, बैल हाकले, बाजारात गेलो, तरी मी आंधया."

मी पागोट्याचे टोक उजव्या बाजूने चंदीकडे सरकवले. तिने ते कमरेशी धरले. बराच वेळ काहीच झाले नाही. मग तिची बोटे नाड्याकडे गेली. तिने एक पाय इतका हळू वर घेतला की तितके हळू काही हललेले मी कधी पाहिले नाही. मग दुसरा. फेटियाचा घेर जागेवर, रिकामा, आरसे चमकत राहिला. चंदी मागच्या बांबूवरून पलीकडे सरकली आणि खाली वाळूत पडल्याचा आवाज आला.

"उतरली," मी म्हणाले. छोरीला घेऊन मीही चाकावरून उतरले. हरसिंगने बैल हाकले. एकटाच, पाठीमागे घोणस घेऊन, तो चढ चढून सपाटीवर गेला.

तिथे त्याने बैल सोडले, बंडी टेकवली आणि उभारीने, बंडीच्या कडेच्या दांडक्याने, कापूस उपसू लागला. घोणस तळाच्या फळीपर्यंत गेली होती. त्याने ती मारली. मला वाईट वाटले नाही. आम्ही दोघी मागून चढून येऊन एका बाभळीमागे छोरीला उघडी करून उन्हात बोटाबोटाने तपासत होतो. कुठेही खूण नव्हती. तपासणी संपता संपता तिने माझे पातळ ओले केले आणि चंदी इतकी हसली की तिला रडू आले.

हरसिंगने फेटिया झटकून, उलटासुलटा करून बाभळीवर टाकला आणि पाठ फिरवली. चंदीने तो नेसून पागोट्याची घडी केली. पण कमरेखाली गेलेले वस्त्र पुन्हा डोक्यावर चढत नाही. ती घडी हातात घेऊन नुसती उभी राहिली.

"झोरी कर त्याची," हरसिंग बैलांना म्हणाल्यासारखा म्हणाला. "छोरी झोपते चांगली."

उमरखेडच्या बाजारात तो बोडक्याने शिरला. कापूसवाल्यांत ओळखीचे बरेच होते. एकाने हटकलेच, "काहून नाईक, पागोटं कुठं इसरले?"

"नातीले देल्लं," हरसिंग म्हणाला, आणि कापसाच्या भावाचे बोलू लागला.

चंदीचा नवरा आला. ती निघताना मी तिला विचारले, हे मी लिहिले तर चालेल का? ती म्हणाली, "लिवा. पन मायं नाव नोका टाकू." म्हणून इथली माणसांची नावे मी बदलली आहेत.

यवतमाळला पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. जाऊ इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे: हिवाळ्यातच जा, पायांत बंद जोडा घाला, आणि मऊ दिसेल तिथे झटकल्याशिवाय बसू नका. भीती घेऊन परत याल, ती लवकर जात नाही. मी अजून गादीवर बसण्याआधी तिच्यावर थाप मारते. पुन्हा येणार का, असे कुसुमने पत्रात विचारले आहे. मी जाणार आहे, पण मागच्या वेळी गेले तशी नाही. तिथे जाऊन बायकांना काय सांगायचे याची माझ्याजवळ मोठी यादी होती. तिच्यातल्या बऱ्याच वाक्यांना आता माझ्याच तोंडून बाहेर पडायला संकोच वाटतो.

घरी सगळी हकिगत मी आईला सांगितली, काहीही न वगळता. ती भाजी चिरत ऐकत होती. पागोट्यापाशी आले तेव्हा विळी थांबली.

"मी असते," आई म्हणाली, "तर बसून राहिले असते."

"साप होता, आई."

"होता ना. पण माझे वडील, तुझे आजोबा, तसेच पुढे तोंड करून बसले असते. त्यांना पागोटं सोडायचं सुचलं नसतं." तिने पुढची वांगी पाण्यातून उचलली. "ती पोर नशिबाची."

बाबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटल्याचा आवाज त्यानंतर बराच वेळ आला नाही.