विटा येतात, माणसं येत नाहीत

बायको पंचायत समितीवर निवडून आली त्या दिवशी हार माझ्या गळ्यात पडले. जागा महिलांसाठी राखीव होती, उभी ती होती, दारोदार तीच फिरली होती. पण शिरगावच्या नाक्यावर गुलाल फासला गेला तो मला. मी तारापूरच्या एका कंपनीत बॉयलरवर काम करतो. रात्रपाळी उरकून आलो होतो, डोळ्यांवर झोप होती आणि लोक मला "साहेब, साहेब" करत होते. बाई निवडून आली की कारभार नवरा बघणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं.

पहिल्या सभेला मी तिच्याबरोबर पालघरला गेलो. माझ्यासारखे आणखी काही नवरे आपापल्या सदस्यबाईच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. मीही खुर्ची ओढली. ती वळून म्हणाली, "तुमी बाहेर बसा. चहा घ्या." बोलली हळूच, पण समोरचा माईक चालू होता. सगळं सभागृह हसलं. मी बाहेर जाऊन शिपायाशेजारी बाकावर बसलो आणि चहा घेतला. खरं सांगतो, मला सुटल्यासारखंच वाटलं. मला वाफेतलं कळतं. घरकुलं आणि गटारं यांतलं काही कळत नाही.

तिचं माहेर दातिवऱ्याचं. लहानपणापासून हाताला मासळी. निवडून आल्यावर ती हे काम सोडेल असं तिच्या आईला वाटलं होतं. "आता टोपली घेऊन हिंडशील काय?" असं तिनं विचारलंही. "सदस्य पुढच्या निवडणुकीपर्यंत हाय, कोळीण मरेपर्यंत हाय," एवढंच उत्तर. बाजाराच्या दिवशी सुका जवळा आणि बोंबील घेऊन ती टमटममध्ये बसायची आणि पूर्वेला डोंगराच्या अंगाला निघायची.

त्या वाटेवर एक मोठी वीटभट्टी होती. पाऊस संपला की मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबं तिथं कामाला यायची. त्यातली एक बाई हिचं ठरलेलं गिऱ्हाईक. जवळा घेताना ती दर वेळी मूठभर जास्त मागायची, ही दर वेळी नाही म्हणायची आणि दर वेळी द्यायची. एका बाजाराला ती बाई रस्त्यावर आलीच नाही. पुढच्या बाजारालाही नाही. तेव्हा बायको टोपली घेऊन सरळ भट्टीत शिरली.

बाई विटा थापत बसली होती. वर न बघताच म्हणाली, "बाय, तू जा. मुकादम बघतो हाय."

हळूहळू सगळं कळलं. तिच्या नवऱ्याचा बाप वारला म्हणून नवरा गावी गेला होता. तो परत यावा म्हणून भट्टीच्या शेठनं बायको-मुलांना ठेवून घेतलं होतं. फोन काढून घेतलेला, बाजार बंद. लग्नासाठी शेठकडून उचल, म्हणजे मजुरीवर आगाऊ पैसे, घेतले होते, ती किती हंगाम राबलं तरी फिटत नव्हती.

त्या दुपारी टोपली तशीच भरलेली परत आली. मी जेवायला बसलो होतो. तिनं विचारलं, "अवो, माणूस गहाण ठेवता येतो काय?"

"नाही. वेठबिगारीविरुद्ध कायदा कधीचाच झालाय."

"मग त्या भट्टीला कुणी सांगितलं नाय वाटतं," ती म्हणाली, आणि पदर खोचून तिनं तहसील कचेरीचा रस्ता धरला.

पंचाईत एकच होती. भट्टीवाला शेठ आमच्याच पक्षाचा. प्रचाराला फिरलेली जीपही त्याची. दुसऱ्याच दिवशी तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात हजर. "भाऊ, वहिनींना जरा समजवा," तो मला म्हणाला.

"समजावलं असतं," मी म्हटलं, "पण ती पुन्हा तहसीलला गेलीय."

पेढे त्यानं परत नेले.

पुढच्या सभेला मी बाकावर, शिपायासोबत. खिडकी उघडी होती. शेवटी ऐनवेळचे विषय आले तशी ती उठली आणि भट्टीचं सगळं सांगितलं. सभापती सौम्यपणे म्हणाले, "ताई, हा महसूल खात्याचा विषय आहे. आपला नाही."

"भट्टीपर्यंतचा रस्ता कुणाचा हाय?"

"रस्ता आपलाच. आपल्या निधीतून झालाय."

"मग आपल्या रस्त्यानं विटा बाहेर येतात, माणसं का येत नायत?"

कुणीतरी खाकरलं. कुणीतरी फाईल उघडली. तेवढ्यात मागच्या रांगेतली डोंगराकडच्या गावातली एक सदस्यबाई उभी राहिली. निवडून आल्यापासून ती एकदाही बोलली नव्हती. तिच्या वतीनं नवराच बोलायचा. ती म्हणाली, "माझा भाऊ असाच एका भट्टीवर होता. आजारी पडला तरी सोडला नाय." नवऱ्यानं पदर ओढून बसवायला पाहिलं, पण ती बसली नाही. दोघी बायका तशाच उभ्या, आणि सभापतींनी चहाची सुट्टी जाहीर केली. शिपाई मला म्हणाला, "आज चहा कुणाला गोड लागायचा नाय."

तहसीलदार नवीन होते, तरुण होते. भट्टीवर जायचं त्यांनी ठरवलं. पण त्यांची जीप पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आम्ही स्कूटरवर मागोमाग गेलो तर सगळे मजूर रांगेत उभे आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "आमी खुशीनं हाय." तहसीलदारांनी त्या बाईला विचारलं. तीही मान खाली घालून तेच म्हणाली.

मी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. तहसीलदार जीपकडे वळले. शेठ पाणी द्या, सरबत द्या म्हणून पुढे पुढे करत होता. माझ्या मनात आलं, संपलं. आता गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

बायको त्या बाईजवळ गेली आणि तिचा हात धरून म्हणाली, "खुशीनं हायस ना? बरं झालं. चल मग, आज बाजार हाय. जाऊन येऊ."

बाईनं मुकादमाकडे पाहिलं. मुकादम सवयीनं ओरडला, "ए! कुठं निघालीस? आत्ता नाही जायचं!"

तहसीलदारांचा एक पाय जीपमध्ये होता. तो खाली आला. "का नाही जायचं?" त्यांनी विचारलं.

शेठ म्हणाला, कामाची वेळ आहे. तहसीलदार म्हणाले, "ठीक आहे. मग काम संपल्यावर जातील. पोरांना घेऊन जातील. मी थांबतो." आणि खरोखरच खुर्ची मागवून बसले. तेवढ्यात बाईनं धाकट्याला कडेवर घेतलं, थोरलीचं बोट धरलं आणि काम संपायची वाट न बघता रस्त्याकडे चालू लागली. रांगेतलं दुसरं कुटुंब हललं. मग तिसरं. कुणी भांडी उचलली, कुणी कोंबडी काखेत मारली. त्या दिवशी जबाब झाले ते भट्टीबाहेर, रस्त्याकडेच्या चिंचेखाली, एकेकाला वेगळं घेऊन. तिथं कुणीच खुशीनं नव्हतं.

त्या सगळ्यांना वेठबिगारीतून मुक्ततेचे दाखले मिळाले आणि ती माणसं आपापल्या गावी गेली. शेठवरची केस अजून कोर्टात चालूच आहे. आमच्या घरच्या सदस्यबाईंचं व्हायचं तेच झालं. पुढच्या निवडणुकीला पक्षानं तिकीट दिलं नाही. ती अपक्ष उभी राहिली आणि पडली, तीही चांगलीच पडली. आमच्या गल्लीतल्यांनीसुद्धा मतं दिली नाहीत असा मला दाट संशय आहे. मी चिडून बसलो होतो. ती म्हणाली, "ज्यांच्यासाठी भांडले त्यांची नावं इथल्या यादीत हायत कुठं? मग मतं पडणार कशी?" आणि हसत हसत बोंबील वाळत घालायला गेली. मला मात्र हसू यायला बरेच दिवस लागले.

डोंगराकडची ती सदस्यबाई मात्र पुन्हा निवडून आली. आता ती सभेत एकटी येते आणि म्हणे खाली बसतच नाही. कुठल्या भट्टीची काही खबर लागली की पहिला फोन आमच्या घरी येतो. मग हिची स्वारी टमटमनं रवाना होते, पद नाही, गाडी नाही, आणि मी कंपनीतून येऊन स्वतःच भात लावतो.

गेल्या उन्हाळ्यात भट्टीवरची ती बाई नवऱ्याला आणि पोरांना घेऊन आमच्याकडे आली. त्यांच्या गावात आता मोगऱ्याची लागवड झाली आहे, दोघं कळ्या तोडायच्या कामाला जातात. पळसाच्या पानात बांधून तिनं कळ्या आणल्या होत्या. इतके हंगाम भट्टीवर काढूनही तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. आम्ही किनाऱ्यावर नेलं. आधी ती लांब उभी राहिली, मग घोट्यापर्यंत गेली, मग लुगड्यासकट कमरेपर्यंत. मोठी लाट आली तशी किंचाळली आणि माझ्या बायकोलाही ओढून घेतलं. दोघी चिंब भिजून, वाळूत लोळल्यासारख्या होऊन परत आल्या. बायकोनं तिला आपलं कोरडं लुगडं दिलं, तिनं हिच्या केसांत मोगरा माळला, आणि माजघरात बसून दोघी जवळ्याची चटणी-भाकर खात संध्याकाळच्या एसटीपर्यंत गप्पा मारत राहिल्या.