मी परत पाठवलेली बाई

ती घटना इतकी वर्षं झाली तरी माझ्या मनातनं जात नाही. निजामाचं राज्य जाऊन ठाण्यातले कागद मराठीत आले होते, पण आमचे जमादार अजून शेरा उर्दूतच मारायचे. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या त्या ठाण्यात बाई शिपाई म्हणून मी एकटीच.

त्या दिवशी बाजारात एका हमालानं आडत्याच्या थोबाडीत मारली. तासाभरात पंचनामा झाला, हमाल कोठडीत. तेवढ्यात मेंढरं राखणाऱ्या घरातली एक तरणी बाई दारात येऊन उभी राहिली. नवऱ्यानं काठीनं मारलेलं, उजवा हात सुजून काळानिळा.

जमादार हसले. "घ्या बाई, तुमचं खातं आलं. समजूत काढा."

मारहाण झाली की दवाखान्याच्या नावे ठाण्याची यादी, म्हणजे तपासणीची चिठ्ठी, द्यायची. डॉक्टरचा दाखला आला की त्यावर कलम ठरायचं. आडत्याच्या गालासाठी यादी गेली. हिच्यासाठी मी मागितलीसुद्धा नाही. समजूत काढणं मला छान जमायचं, अन् खरं सांगते, मला त्याचा तोराही होता.

"ताई, आजच्या दिस हितंच ठिवून घ्या," ती म्हणाली. "लई भ्या वाटतंय."

"अगं, राग उतरला की होईल नीट. लेकरं वाट बघत असतील." मी फडक्यानं तिचा हात बांधला आणि तिला एसटीत बसवून दिलं.

चौथ्या दिवशी खबर आली, पाणी शेंदताना पाय घसरून ती विहिरीत पडली. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मोडलेला हात? पडताना मोडला असेल, जमादार म्हणाले. पंचनाम्याच्या वेळी शेजारची म्हातारी माझ्या कानाशी आली. "बाई, चार दिस ती घास बी डाव्या हातानं खात व्हती. ती कशाला पाणी शेंदती?"

नवऱ्याला ठाण्यात आणलं. फौजदारांच्या परवानगीनं मी विचारलं, "पोहरा कोण ओढत होतं?"

"तीच. म्या लांबनं बघितलं."

"दोन्ही हातांनी?"

"व्हय."

"तिचा उजवा हात मीच बांधला होता रे बाबा, ह्याच बाकावर."

तेव्हा तो खरं बोलला. ठाण्यात का गेलीस, म्हणून भांडण झालं होतं, त्यात त्यानं तिला विहिरीत ढकललं.

फौजदारांनी मला बाजूला घेतलं. "पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. हात आधीच मोडला होता, हे तो बांधताना बघितलेल्या साक्षीदार तुम्हीच. पण बाई, तुम्हालाही विचारतील. नोकरी जाईल."

मी जबाब लिहून दिला. कोर्टात वकिलानं विचारलंच, "हात मोडलेला दिसला, मग तुम्ही काय केलंत?"

"घरी पाठवलं," मी म्हणाले.

नवऱ्याला शिक्षा झाली. मला सक्त ताकीद मिळाली, नोकरी राहिली. पुढं मार खाऊन आलेलं माणूस दिसलं, की मारणारा कोण लागतो हे विचारायच्या आधी मी यादी लिहायची. जमादार चिडायचे, "घरातलं भांडण आहे हो बाई!"

"असू द्या. शिक्का मारा."

अशा किती जणींना दवाखान्यात पाठवलं, ते मोजलं नाही. ही एक पाठवली नाही, तेवढी लक्षात आहे.