शील पाळणाऱ्याची शिकारी दुर्बीण

जर्मनीत एर्लांगेनला मुलाकडे, यशपालकडे, येऊन दादारावांना महिना झाला होता, आणि तेवढ्या काळात त्यांच्याशी आपणहून बोललेला एकमेव जर्मन म्हणजे शेजारचे हेर, म्हणजे श्रीयुत, रोटमन. बोलणं तरी काय, कुंपणापलीकडून ते 'या, या' म्हणायचे, म्हणजे जर्मनमध्ये हो, आणि अलीकडून दादाराव 'हो, हो'. मतभेदाला वावच नव्हता. या भक्कम पायावर २००७च्या जुलैत हेर रोटमननी त्यांना मचाणावर बोलावलं. शनिवारी संध्याकाळी, जंगलाच्या कडेला. हेर रोटमन बंदूक आणणार. पाहुण्याने स्वतःची दुर्बीण आणायची आणि गप्प बसायचं. एकच दुर्बीण दोघांत फिरली की लाकूड कुरकुरतं आणि हरीण पळतं.

टेलिफोन खात्यात जन्म घालवलेले दादाराव हरखून गेले. नागपूरच्या आसपास एवढं जंगल, पण त्यांनी पाहिलेलं हरीण महाराजबागेतलं, जाळीमागचं.

"अहो, रोज सकाळी पंचशील म्हणता," त्यांच्या पत्नी कांता म्हणाल्या, "आणि शनिवारी शिकारीला?"

"मारणार तो. मी नुसतं बघणार."

"चोराबरोबर भिंतीवर चढायचं आणि म्हणायचं, मी हवा खायला आलो."

टोमणा झोंबला, पण उत्साहही होता. तो जास्त टिकाऊ निघाला. दुसऱ्याच दिवशी ते सुपरमार्केटचं पत्रक घेऊन यशपालसमोर उभे राहिले. "वीस पट! आणि किंमत बघ. इथले लोक आठ पटवाली दुर्बीण चारपट पैसे देऊन घेतात म्हणे. काऊन?"

यशपाल एका मोठ्या कंपनीत माणसाच्या पोटातलं दाखवणारी यंत्रं बनवायचा. खिडकीबाहेरचं बघायला त्याला सवड नसे. तो बापाला शिकारी सामानाच्या दुकानात घेऊन गेला.

दुकानातल्या बाईंनी पत्रक सभ्यपणे वाचलं आणि सभ्यपणे दुमडून ठेवलं. वीस पटीत हाताचा कंपही वीस पट होतो, त्या म्हणाल्या. हरीण उभं राहील पण नाचताना दिसेल. हरीण येतं संध्याकाळी, म्हणून शिकाऱ्याला पट नको, उजेड हवा. मग त्यांनी दोन दुर्बिणी काढल्या. दोन्ही आठ पटीच्या. एकीची पुढची भिंगं छप्पन मिलिमीटरची, दुसरीची बेचाळीस. छप्पनवाली पितळी तांब्याएवढी जड आणि जवळजवळ दुप्पट महाग.

"मोठीच घेऊ," दादाराव म्हणाले. "आयुष्यात एकदा घ्यायची."

बाईंनी विचारलं, वय काय?

यशपालने भाषांतर केलं. दादारावांनी उलट विचारलं, "खरं, की शाळेतलं?"

मास्तरांनी अख्ख्या वर्गाची जन्मतारीख अंदाजाने साल धरून एक जुलै लावली होती, हे बाव्हेरियात समजावणं अवघड. यशपालने मधला आकडा सांगितला. बाई म्हणाल्या, साठीनंतर डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही. मोठ्या भिंगातला जादा उजेड डोळ्यात शिरतच नाही, तो बाहेरच राहतो.

दादाराव ताडकन उठले. "म्हणजे मी म्हातारा झालो म्हणून स्वस्त घेऊ?"

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, बाई न समजताच म्हणाल्या.

अंधारात बघून ठरवा, म्हणत बाईंनी दोन्ही दुर्बिणी एका रात्रीसाठी दिल्या. इथल्या शिकाऱ्यांची तशीच रीत. संध्याकाळी गॅलरीत दादाराव एकदा ही, एकदा ती डोळ्याला लावत होते. शेताच्या कडेची पाटी, तिच्यावरचा कुत्र्याचा फोटो, पुन्हा पाटी. उजेड मावळत गेला. दोन्हींतून कुत्रा एकाच वेळी दिसेनासा झाला.

"तुम्हाला काय दिसलं?" कांतांनी विचारलं.

"माझं खरं जन्मवर्ष," दादाराव म्हणाले. सकाळी बेचाळीसवाली घेतली.

शनिवारी मचाणावर ते हेर रोटमनच्या शेजारी इतके गप्प बसले की स्वतःचाच श्वास त्यांना आगाऊ वाटू लागला. गवतात काही हललं. दुर्बिणीत एकदम एक तोंड आलं, ओल्या नाकाचं, गवत चघळणारं. कानाच्या कडेचे केससुद्धा दिसत होते. तेवढ्यात शेजारी बंदुकीचा पट्टा खसखसला.

"अरे पळ!" दादाराव मराठीत ओरडले.

हरणाला भाषा समजली.

परतीच्या वाटेवर हेर रोटमन 'या' म्हणाले नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी यशपालला हसत सांगितलं, ते यशपालने बापाला सांगितलं. "बाबा, ती मादी होती. मादीच्या शिकारीला सप्टेंबरपर्यंत बंदीच आहे. ते पट्टा सरकवून पाण्याची बाटली काढत होते. शिंगं नव्हती, दिसलं नाही तुम्हाला?"

दादाराव दुर्बीण पुसत होते. "शिंगं बघायला सवड कुठे होती? ती जेवत होती रे."

"म्हणजे उगीच ओरडलात," यशपाल म्हणाला.

"उगीच कसं?" कांतांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यात आज साखर जरा जास्त होती. "आणि पुढच्या शनिवारचं काय म्हणाले ते?"

"या म्हणाले. फक्त बाबांनी तोंडाला रुमाल बांधून."

"मग मीही येते," कांता म्हणाल्या, आणि दुर्बिणीचा पट्टा आपल्या गळ्यात घालून मापाचा आहे का ते बघू लागल्या.