चाळीस पौंडांचे मासे

काळजी करणं ही जर गाण्यासारखी कला असती, तर माझ्या आतोबांची बैठक ऐकायला गोव्यापासून मुंबईपर्यंतचे शौकीन आगबोटी भरभरून रत्नागिरीला उतरले असते. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कोर्टात नाझर होते, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना काळजीसाठी अख्खा दिवस मोकळा मिळाला. मी तेव्हा तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो आणि आत्याकडेच राहायचो. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. तरी मी निघालो की आतोबा अंगणाच्या गडग्यापर्यंत येऊन "पोचलास की कुणाकडून तरी सांगून पाठव हो" असं बजावायचे. घरात कुणी शिंकलं की ते आधी दार लावून घेत, मग हवा कोंडेल म्हणून उघडत, आणि मग उघडझाप करून बिजागरी झिजेल या विचारानं दार अर्ध्यावर धरून उभे राहत. माडाखालून जाताना डोक्यावर जेवायचा पाट धरीत. एकदा खरोखरच त्यांच्यापुढं चार हातांवर नारळ पडला. मी म्हटलं, "बघा, पाट फुकट वाहिलात." आतोबांचा चेहरा उजळला. "फुकट? अरे, पाटाच्या ओझ्यानं पावलं जड पडली म्हणून मागं राहिलो. नाहीतर नेमका त्या नारळाखालीच असतो!"

अशा माणसाच्या घरी ते पुस्तक आलं ते एका आरामखुर्चीच्या मागून. कुणी एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. आतोबांनी खुर्ची घेतली, तिचा एक पाय आखूड निघाला, आणि कटकट नको म्हणून लिलाववाल्यानं "हे घाला त्याच्याखाली" म्हणत एक जाडजूड जुनं पुस्तक वर टाकलं. आतोबांनी घरी येऊन ते उघडलं मात्र, खुर्ची जन्मभर डुगडुगत राहिली. आपल्या किनाऱ्यावरच्या माशांचं पुस्तक होतं ते. पानापानावर हातानं रंगवलेला मासा, इतका ताजा की बोट लावलं तर ओलं होईल. आतोबांच्या सात पिढ्यांत कुणी मासळी चाखली नव्हती, पण या चित्रांवर त्यांचा जीव जडला. आणि माशांच्या मागोमाग नाखवा आले.

नाखवांचं स्वतःचं शिडाचं गलबत होतं, फत्तेमारी. नारळी पौर्णिमेनंतर ती कौलं घेऊन बसऱ्याला जायची आणि खजूर घेऊन परत यायची. पावसाळ्यात फत्तेमारी किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झोपली की नाखवा रोज दुपारी आमच्या पडवीत. दोघं पुस्तकावर डोकी भिडवून बसत आणि मग जे भांडण होई ते बंदरापर्यंत ऐकू जाई. आतोबा इंग्रजी मजकुरावरून मासा ओळखायचे, नाखवा चवीवरून. "भाऊ, ह्यो तारली." "अहो, तारली कशी? इथं स्पष्ट लिहिलंय." "लिवणाऱ्यानं खाल्लाय काय? म्यां खाल्लाय!" अखेर आतोबा माघार घेत आणि चित्राखाली बारीक पेन्सिलीनं नाखवांचा निकाल नोंदवत: तळून बरा. कालवणाला उत्तम. काटे फार, पण डोक्याशी गोडी. चारपाच पावसाळ्यांत सबंध पुस्तक असं चवींनी भरून गेलं. शाकाहारी माणसाच्या अक्षरात इतका तोंडाला पाणी आणणारा मजकूर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मग एका मे महिन्यात माझा एक चुलतभाऊ आंबे खायला आला. नुकताच लंडनहून बॅरिस्टर होऊन परतलेला. त्यानं पुस्तक पाहिलं आणि आंब्याचा हात जागच्या जागी थांबवला. "आतोबा, हे मी लंडनला जुन्या पुस्तकांच्या दुकानात पाहिलंय. काचेच्या कपाटात. चाळीस पौंड!"

"आणि मुंबईस?"

"रस्त्यावर मिळेल एकदोन रुपयांना. पण तिकडं कोरं लागतं हं. पेन्सिलीची रेघ दिसली की गिऱ्हाईक तोंड फिरवतं."

चाळीस पौंड म्हणजे पाचशेच्या वर रुपये. दुसरा कुणी आनंदानं नाचला असता; आतोबांना दरदरून घाम फुटला. पाचशे रुपयांची जोखीम, तीही कागदाची, उघड्या पडवीत! त्यांनी त्याच दिवशी पुस्तक धोतरात गुंडाळून, वेखंड घालून आढ्याला टांगलं. मग दोरी कुजेल म्हणून साखळी आणली, साखळी गंजेल म्हणून तिला तेल लावलं, आणि तेल खाली ठिबकेल म्हणून स्वतः खाली बसून राहिले. दसऱ्यानंतर समुद्र निवळला की पुस्तक बॅरिस्टराच्या हाती सोपवायचं आणि लंडनला धाडून मोकळं व्हायचं, असा त्यांनी निश्चय केला. हाव म्हणून नव्हे. घरात झोप यावी म्हणून.

पण एक प्रश्न त्यांना जेवू देईना. तेच पुस्तक, तीच पानं, तेच मासे. मग इथं दोन रुपये आणि तिथं पाचशे का? पोस्टमास्तर म्हणाले, तिकडं थंडी फार, माणसं घरात बसून वाचतात. वैद्य म्हणाले, तिकडं वाळवी नाही, वस्तू टिकते, म्हणून भाव. आतोबांनी विचारलं, "टिकते तर पुष्कळ उरायला हवी. मग स्वस्त नको का?" वैद्यांनी त्यांना त्रिफळा दिला. नाखवा म्हणाले, "भाऊ, बसऱ्यात खजूर ढिगानं पडतो, हिकडं रमजानात एकेक मोजून घेतात. ज्याला पायजे त्याच्या दारात म्हाग."

"खजूर खाल्ला की संपतो, नाखवा. पुस्तक वाचून संपत नाही."

"मंग तिकडं वाचतच नसतील!" नाखवा गडगडून हसले. आतोबा मात्र तिसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाले, "खरंय रे त्यांचं. आपण पुस्तक झिजवतो. तिकडं नुसतं ठेवून घेणारे आहेत. न उघडल्याचे पैसे देतात ते."

आता न उघडलेलं दिसायचं तर नाखवांच्या चवी पुसायला हव्या होत्या. पावाच्या मऊ गरानं पेन्सिल निघते, असं बॅरिस्टर सांगून गेला होता. पण पाव आणि आत्याच्या घरात? "पायांनी मळतात मेले पाववाले तो! उंबऱ्याच्या आत आणलात तर मी माहेरी जाईन," आत्या म्हणाली. आतोबांनी मग पाव गुपचूप नाखवांकडूनच मागवला. नाखवांना वाटलं, भाऊला उतारवयात हौस आली. ते रोज सकाळी गरम पाव रुमालात बांधून आणीत आणि कानाशी येऊन सांगत, "चहात बुडवून खा, भाऊ. पयल्यांदा जरा जड जाईल." आणि आतोबा गोठ्यात बसून त्याच पावानं नाखवांचं एकेक कालवण पुसून काढीत. गाय मात्र पावाला चटावली.

आढ्यावरचं पुस्तक आज दमट आहे, उद्या धूप द्यायचीय, असं करत आतोबांनी नाखवांना पुस्तक दाखवायचं महिनाभर टाळलं. एक दिवस सबबी संपल्या. नाखवांनी पुस्तक मांडीवर घेतलं, पान उलटलं, दुसरं उलटलं, मग शेवटपर्यंत सगळी उलटली. आतोबा अर्धं दार धरावं तसे खांब धरून उभे.

"भाऊ," नाखवा म्हणाले, "ह्यातला येक पण मासा माझ्या वळखीचा नाय."

छत्री उचलून ते गेले. दर वर्षी निघताना आत्याच्या हातचा नारळ घ्यायला येत. त्या वर्षी फत्तेमारी कधी सुटली ते आम्हाला बंदरावरून कळलं.

दसऱ्याला आत्यानं घरातली सगळी पुस्तकं पाटावर मांडली, आणि या एकाला कशाला वगळायचं म्हणून आढ्यावरून तेही काढलं. आतोबा स्नान करून आले तर पहिल्याच पानावर, रंगीत माशाच्या कपाळी, ठसठशीत हळदकुंकू. वर अक्षता, वर ओल्या झेंडूचा पिवळा डाग.

"गेले," आतोबा म्हणाले.

"कोण गेले?" आत्या दचकली.

"चाळीस पौंड."

"अहो, सरस्वती आहे ती. कुंकू नाही तर काय डांबर लावू?"

आतोबा पाटापुढं बसले आणि हसत सुटले. हसता हसता डोळे पुसू लागले. त्या दिवसापासून पुस्तकाची काळजी संपली, पण दुसरी सुरू झाली, आणि तिच्यापुढं आधीच्या सगळ्या पोरखेळ वाटल्या. रोज बंदरावर जाऊन ते येणाऱ्या प्रत्येक गलबताच्या तांडेलाला विचारत: वारा कसा होता, बसऱ्याकडची खबर काय, कुणी बुडालं का. घरी आले की जेवताना मधेच थांबून आत्याला विचारत, "गो, रागानं गेलेला माणूस समुद्रावर नीट लक्ष देत असेल का?"

होळी झाली आणि फत्तेमारी आली. आतोबा पुस्तक काखेत आणि पेन्सिल कानावर ठेवून निघाले, मी मागून. नाखवा आपल्या ओट्यावर बसले होते, वाळून अर्धे झालेले, हाताशी काठी. कुंकवाकडं पाहून म्हणाले, "ह्याचं लगीन कुणी लावलं?"

"आमच्या मंडळींनी. नाखवा, सांगा आता. पहिल्यापासून लिहून घेतो."

नाखवांनी चित्रावरून बोट फिरवलं. "बसऱ्याला आजारी पडलो, भाऊ. हकिमानं मासळी बंद केली, जन्माची. तवापासून चव आठवायला बसलो की आठवत नाय."

आतोबा त्यांच्या शेजारी टेकले. ज्यांच्या जिभेला कधी खवला लागला नव्हता, ते एकेका पानावर बोट ठेवून सांगू लागले. "हा तळून. नारळाच्या तेलात, कोकम लावून. हा कालवणाला, आणि दुसऱ्या दिवशीचा अधिक चांगला. ह्याला काटे फार, पण डोक्याशी गोडी..."

पेन्सिल कानावरच राहिली. नाखवांनी डोळे मिटून घेतले होते, आणि त्यांच्या गळ्याची घाटी हळूहळू वरखाली होत होती.

"फुडला?" ते म्हणाले.