देवकाबाईचा रबरी पायजमा

“कपडा उरला हाये अजून.”

देवकाबाई हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणायची. बाही आखूड झाली, गळा वाकडा गेला, गिऱ्हाईक बाई तोंड फुगवून उभी राहिली, की ती मशीनचं चाक हातानं थांबवायची, उरलेला तुकडा उजेडात धरायची आणि म्हणायची, “कपडा उरला हाये अजून. रडते काऊन?” सावली तालुक्यातल्या आमच्या गावात तिच्या हातचं न घातलेलं घर नाही. माझ्या लग्नाचा सदराही तिनंच शिवला.

तिचा नवरा इस्तारी ढिवर, मासे धरणारा. गावच्या तलावात मोठं जाळं ओढतात तेव्हा प्रत्येक ढिवर घराचा एक दोर ठरलेला, इस्तारीच्या घराचा सांडव्याच्या बाजूला. ती जागा त्याच्या बापाची, त्याआधी आज्याची. पण चार वर्षांपासून इस्तारीचा उजवा पाय भरत गेला. हत्तीपाय. आधी घोटा, मग पोटरी, मग सगळा पाय धानाच्या पोत्यासारखा. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडायच्या. तलावाचं गढूळ पाणी त्यांत शिरलं की थंडी वाजून ताप यायचा आणि आठ आठ दिवस खाट सुटायची नाही.

उपकेंद्रातली नर्स खुशबू घरी येऊन सांगून गेली, “भाऊ, पाय रोज साबणानं धुवा, कोरडा ठेवा. तलावात उतराचं नाई. एखाद्या तापात जीव जाईन तुमचा.” मग तिची नजर देवकाबाईच्या पावलांवर गेली. “आन् बाई, तुमचाही डावा घोटा सुजला हाये. तुमीही त्या पाण्यात जाऊ नका.”

“माझं राहू दे वो. याच्यापुरतं बोल.”

खुशबूचं खरं होतं. पण तलावाचा कायदा वेगळा. ज्या घरचं माणूस लागोपाठ तीन ओढींना दोराशी नसेल, त्या घराची जागा जाते. गेलेली जागा परत आल्याचं कोणी पाहिलेलं नाही. इस्तारीच्या दोन ओढी चुकल्या होत्या. मुलगा नाही, दोघी मुली सासरी. मच्छीमार संस्थेचा मुखिया रामाजी इस्तारीचा लहानपणचा सोबती. तो दारातच उभा राहिला, आत आला नाही.

“तिसरी ओढ माघात हाये, भाऊ. तुह्यासाठी कायदा मोडला तं उद्या सारेच मोडतीन.”

इस्तारी त्या दिवशी जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “दोर गेला तं मी कोण हाये वो?”

देवकाबाईनं टेप घेतली आणि त्याच्या पायाशी बसली.

पाण्यात पाय कोरडा ठेवायला बाजारात गमबूट होते. इस्तारीची टाचसुद्धा आत जाईना. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब चिरून पाहिली, ती गुडघ्यात वाकेना. मग तिनं खुशबूला गाठलं. “तुह्या मोबाईलवर पाहून सांग. रबराचे कपडे करतेत का कोणी?”

खुशबूनं शोधलं आणि लाजून मोबाईल पालथा घातला. शहरातल्या पोरी, चकाकणारे काळे तंग कपडे, सापाच्या कातीसारखे अंगाला चिकटलेले.

“दाखव ना. लाजते काऊन?” देवकाबाईनं मोबाईल ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला. बऱ्याच वेळानं म्हणाली, “शिवण दिसून नाई राह्यली. म्हणजे हे चिकटवलं हाये.”

त्या पोरींच्या कपड्यांवरून तिला वाट सापडली. पातळ रबराची ती चादर, लॅटेक्स म्हणतात तिला, ती नागपूरच्या एका दुकानात मिळत होती. दुकानदारानं फोनवर विचारलं, कशासाठी पाहिजे? देवकाबाई म्हणाली, “नवऱ्याच्या पायजम्यासाठी.” पलीकडून हसण्याचा आवाज आला. ती थांबली, त्याला हसू दिलं, मग म्हणाली, “हसून झालं अशीन तं तीन मीटर पाठवा, बाप्पा. सायकलच्या ट्यूबइतकी जाड.”

गुंडाळी सावलीपर्यंत आली, पुढे आली नाही. देवकाबाई माझ्या सायकलवर मागे बसून गेली आणि उन्हानं रबरावर डाग पडू नयेत म्हणून ती लुगड्यात गुंडाळून, लेकराला आणावं तशी घरी घेऊन आली.

पहिला पाय तिनं सवयीनं टाचला. सुईची भोकं पडली त्या रेघेवरच रबर टराटरा फाटलं. तीस वर्षांचा हात एका क्षणात खोटा ठरला. तिनं फाटकं रबर उजेडात धरलं. मग म्हणाली, “कपडा उरला हाये अजून.”

बसस्टँडवरचा झाडू नावाचा पंक्चरवाला तिचा गुरू झाला. “बाई, सोल्यूशन पातळ लावा. दोन्हीकडून. कड गोल वळते, वळू द्या. सुकली का आपोआप सरळ होते. तवा चिकटवा. घाई नोको.” दुसऱ्या खेपेला तिनं घाई केली. आत हवा राहिली, फोड आले, पाणी झिरपलं. तिसऱ्या वेळी ती कडेची वळ सरळ होईपर्यंत श्वास धरून बसायची, मग जोड लाटण्यानं लाटायची, पोळी लाटावी तसा, पण सगळं वजन टाकून. छातीपर्यंतचा पायजमा झाला, उजवा पाय डाव्याच्या तिप्पट रुंद. टांगून पाणी भरलं. थेंब पडला नाही. आतून पावडर मारून इस्तारीला घातला, नहाणीतल्या टाक्यात उभा केला. पाय कोरडा. इस्तारी हसला. त्या घरातून हसणं ऐकून मला, शेजाऱ्याला, वर्ष झालं होतं.

चादरीतला मात्र तळहाताएवढाही तुकडा राहिला नव्हता.

माघातली ओढ. पहाटे तलावावर धुकं, पाणी बर्फासारखं. अशा दिवशी ढिवर तेल लावल्याशिवाय पाण्यात पाय टाकत नाही. घरची बाई करंजीचं तेल कोमट करते आणि पायांना चोळून देते. देवकाबाईच्या सासूनं हेच केलं होतं, देवकाबाईनंही प्रत्येक ओढीला केलं. आजही केलं. मांडीपासून टाचेपर्यंत, चिरांना जपून. पायजमा सर्रकन वर चढला.

“पावडरीनं इतका झटपट जात नव्हता,” ती खुश होऊन म्हणाली.

पारेवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सारा गाव जमला होता. “भाऊ, सिनेमात चालला का?” कोणी ओरडलं. इस्तारीनं त्याला एक ढिवरी शिवी हासडली, आणि ती शिवी ऐकून जुनी माणसं सुखावली. तो उतरला. सांडव्याच्या बाजूचा दोर त्याच्या हातात आला.

जाळं अर्ध्यावर आलं असेल. इस्तारी थांबला. दोर ढिला पडला.

“काय झालं, भाऊ?”

“पाय उचलून नाई राह्यला.”

दोघांनी त्याला धरून पारेवर आणलं तेव्हा त्या रुंद पायात बादलीभर हिरवं पाणी डचमळत होतं. देवकाबाईनं जोडावर बोट फिरवलं. रबर फुगून बुळबुळीत झालं होतं, जोड सालीसारखा उकलत होता. तिनं बोट हुंगलं. करंजी. रबराला तेल चालत नाही हे झाडूला माहीत असेल, नागपूरच्या दुकानदाराला माहीत असेल. पण पाण्यात जाताना कोणी तेल चोळतं, हे त्यांना कुठे माहीत?

“म्याच लावलं,” ती म्हणाली. “माह्या हातानं.”

इस्तारी थंडीनं कापू लागला होता. खुशबू धावत आली, चिरा धुवायला बसली. तलावात रामाजी मान खाली घालून म्हणाला, “इस्तारीच्या घरचा दोर रिकामा हाये.”

इस्तारीनं बायकोकडे पाहिलं. दात वाजत होते तरी विचारलं, “कपडा उरला हाये का वो?”

“नाई उरला.”

ती उठली. लुगड्याचा काष्टा घट्ट खोवला. सुजलेला डावा घोटा उघडा पडला.

“बाई, तुमी नाई!” खुशबू ओरडली.

“बाईमाणूस दोराशी नसते, वहिनी,” रामाजी म्हणाला.

“घरचं माणूस पायजे म्हणते ना तुहा कायदा? मी कोणाच्या घरची हाये?”

दोर पाण्यावर तरंगत होता.

देवकाबाई पारेवरून उतरून गेली. चिखल, मग घोटाभर पाणी, मग गुडघाभर, मग कंबरभर. तिनं मागे पाहिलं नाही. दोर ताठ झाला. पारेवर खुशबूनं तोंड फिरवलं होतं. इस्तारी, फाटक्या रबरात एक पाय अडकलेला, कोपरांवर उठून तिच्याकडे पाहत होता, आणि मी त्याच्याकडे.