टायर मी पसंत केले होते

आमच्या घरची गाडी ना जीप, ना कार. कारपेक्षा उंच, जीपपेक्षा नाजूक. मुलानं ती सुनेसाठी घेतली. तो भोपाळला नोकरीला असतो, पंधरा दिवसांतून एकदा येतो. सौसरच्या घरी आम्ही दोघीच. सून पांढुर्ण्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात शाळेत शिकवते. बस फाट्यावर सोडते, तिथून पुढे पाऊण तास पायी जावं लागतं. गाडी आली आणि तिचं ते चालणं सुटलं. रामाकोन्याकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे, तिथे मलाही तीच घेऊन जाते.

टायर झिजून गुळगुळीत झाले तेव्हा मिस्त्री म्हणाला, चारही बदला. सुनेनं रविवारी पांढुर्ण्याला जायचं ठरवलं. नागपूरच्या रस्त्यावर ट्रक थांबतात, त्यामुळे तिथे टायरची दुकानं पुष्कळ. मी म्हटलं, मी पण येते. मला कोणी बोलावलं नव्हतं.

मी का गेले ते सांगते. आमच्याकडे बैल होते तेव्हा बैल घेताना आमचे मालक, म्हणजे मुलाचे वडील, दात पाहायचे आणि खूर मी पाहायची. बाजारात बाई जात नसे, पण पसंत पडलेली जोडी आधी दारात आणून दाखवायची रीत होती. मी खाली बसून खुराच्या कडेला अंगठ्याचं नख दाबायची. नख रुतलं तर बैल परत. टणक खुराचा बैल काळ्या मातीत दिवसभर चालतो, लंगडत नाही. सुरुवातीला विकणारे हसायचे, म्हणायचे, बाईले काय समजते. मालक त्यांना सांगायचे, तिलेच समजते, मले नाई. पुढे तिगावकडचे लोकही मला खूर दाखवायला बोलवत. बैल गेले, मालक गेले. डोक्यातली हवा तेवढी राहिली.

दुकानात सुनेनं कागद काढला. कोणत्या मापाचा टायर, रस्त्यासाठी कोणता, ओल्यात धरणारा कोणता, सगळं तिनं लिहून आणलं होतं. दुकानदारानं दोन प्रकार समोर ठेवले. एकाची नक्षी बारीक, रबर मऊ. दुसऱ्याच्या खाचा खोल आणि जाड, अंगावर रबराचे काटे उभे. मी दोन्हींना नख लावलं. पहिल्यात रुतलं. दुसऱ्यात नाही.

दुकानदार हसला. "मावशी, तुम्ही तं बैलबाजारात आल्यासारख्या पाहून राहिल्या."

"पाहीनच. फुकट देऊन राहिला का तू?"

सून खाली बसली होती, जाड टायरच्या बाजूवर बोट ठेवून. "आई, हे चार आकडे पाहा. पहिले दोन म्हणजे टायर बनला तो आठवडा, मागचे दोन वर्ष. हा टायर चार वर्षं पडून आहे. रबर वाळून कडक झालं आहे. हा नको."

"काटे तं जसेच्या तसे आहेत. वापरला नाई कोणी."

"वापरला नाही आई, पण जुना आहे."

दुकानात आणखी चार-पाच माणसं बसली होती, ट्रकवाले, एक ट्रॅक्टरवाला. सगळे आमच्याकडे पाहत होते. मला वाटलं, सून मला शिकवते आहे आणि लोक ऐकताहेत. मी म्हटलं, "आकडे तू शाळेत शिकव पोरी. चाकं मी तुझ्या जन्माच्या आधीपासून पाहून राहिली."

माणसं हसली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मास्तरीणबाई, सासूचा पेपर कठीण आहे." तिनं कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. जाड टायर चढले.

आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. दुकानदार आत गेला आणि सून गाडीची कागदपत्रं आणायला गेली, तेव्हा मी वाकून ते चार आकडे वाचले. चौथीपर्यंत शिकले आहे, आकडे मला येतात. सून म्हणाली तेच तिथे होतं. एक शब्द बोलले असते तर टायर बदलून मिळाले असते. पण मग त्या माणसांपुढे मी खोटी पडले असते. मी पदर सारखा केला आणि बाकावर जाऊन बसले.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी आम्ही दोघी पांढुर्ण्याहून परत येत होतो. सकाळी भुरभूर होऊन गेली होती. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर चिखल आणला होता. गाडी काही जोरात नव्हती. वळणावर शेतातून एक बैलगाडी रस्त्यावर आली. सुनेनं ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. शेवाळावरून घसरल्यासारखी सरळ बैलांकडे निघाली. सुनेनं कशीबशी ती कडेला घेतली आणि मुरमाच्या ढिगात घातली. समोरचा दिवा फुटला, बंपर लोंबायला लागलं. आम्हाला काही झालं नाही. बैलांपासून आम्ही दोन हातांवर होतो.

गाडीवान उतरून आला. "चालवता येत नाई तं कायले चालवता बाई? बैल मेले असते माझे!"

सून म्हणाली, "चुकलं भाऊ."

तिनं अजून स्टिअरिंग सोडलं नव्हतं. मी तिच्या बाजूला बसून होते आणि बैलांकडे पाहत होते. गाडीवान बैल डांबरावरून न नेता कडेच्या मातीवरून नेत होता. आम्हीही तसंच नेत असू. डांबरावर टणक खूर घसरतो, ओल्यात तर फारच. हे मला चाळीस वर्षं ठाऊक होतं. म्हणजे मी माझ्या पारखीनंसुद्धा चुकले होते, आणि आकडे वाचून पुन्हा चुकले होते. तरी मी गाडीवानाला काही बोलले नाही. सुनेलाही नाही.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. सून पोळ्या लाटत होती, फोन ओट्यावर ठेवून बोलत होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. मी तिथेच मेथी निवडत बसले होते.

"टायर तं आताच टाकले ना? कोणी पसंत केले?"

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. "मीच केले."

"तुले समजत नाई तं आईले विचारायचं होतं. तिची पारख पक्की आहे."

तिनं पोळी तव्यावर टाकली. मी मेथीची काडी मोडली.

"राहू दे आता," मुलगा म्हणाला. "चालवूच नको. मी आलो की विकून टाकतो. बसनं जात जा."

दुसऱ्या दिवसापासून ती बसनं जायला लागली. सकाळी दीड तास आधी उठायची. संध्याकाळी यायची तेव्हा सँडलच्या पट्ट्यांत चिखल असायचा. बाहेरच्या नळावर पाय धुवायची आणि स्वयंपाकाला लागायची. मला तिनं एका शब्दानं टोकलं नाही. टोकलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले असते. मी मनाशी म्हणायची, ती स्वतःच "मी" म्हणाली, मी काय करू? असं म्हणत मी नऊ दिवस काढले. एकदा तिच्या टाचेला फोड आला होता. मी हळद-तेल गरम करून दिलं आणि मला वाटलं, फिटलं. किती सोपं करून घेतलं मी.

शनिवारी मुलगा आला. रविवारी त्यानं गिऱ्हाईक बोलावलं, बोरगावचा एक माणूस. दिवा, बंपर आधीच दुरुस्त करून घेतलं होतं. तो माणूस गाडीभोवती फिरला, दार उघडून पाहिलं, मग टायरला बुटानं ठोकलं.

"टायर तं कोरे आहेत भाऊ. काटे दिसून राहिले."

"हो, आताच टाकले," मुलगा म्हणाला.

"चांगलं आहे. मग पोरांले घेऊन निघायला हरकत नाई. दोन आहेत मले, लहान लहान."

सून दारात उभी होती. ती काही बोलणार नाही हे मला दिसत होतं. तिनं एकदा "मीच" म्हटलं होतं.

मी ओसरीवरून खाली उतरले. "टायर कोरे नाईत. चार वर्षांचे आहेत, वाळलेले. ओल्यात धरत नाईत."

मुलगा म्हणाला, "आई, तू मधात बोलू नको. व्यवहार चालू आहे."

"माझ्यामुळेच चालू आहे. टायर तिनं नाई घेतले, मी घेतले. ती नको नको म्हणत होती. चार लोकांत मी तिचं तोंड बंद केलं." मी टायरजवळ खाली बसले आणि ते चार आकडे मोठ्यानं वाचले, शाळेत वाचायचे तसे सुटे सुटे. "दुकानातही वाचले होते मी. तेव्हाच समजलं होतं मले."

गिऱ्हाईक मुलाकडे पाहत राहिलं. मग म्हणालं, "मी फोन करतो भाऊ," आणि गेलं. मुलगा बायकोकडे वळून म्हणाला, "तू मले सांगितलं का नाई?"

ती म्हणाली, "तुम्ही मानलं असतं का?"

त्यानं गाडीचं उघडं दार लावलं. त्यानं मानलं नसतं, हे मला ठाऊक होतं, पण ते त्याच्यापुढे म्हणायची हिंमत नव्हती. मला वाटलं होतं, खरं बोलले की हलकं वाटेल. वाटलं नाही. गुडघे धरले होते, उठता येईना. सुनेनं येऊन हात दिला. "आई, उठा. मुरूम टोचत असेल." तिच्या आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. आजाऱ्याशी बोलतात तसं बोलली.

गाडी विकली नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघी पुन्हा त्याच दुकानात गेलो. मी गाडीतून उतरणार नव्हते. दुकानदार दुरूनच ओरडला, "मावशी, आज नख नाई लावत का?" मी काच वर केली.

थोड्या वेळानं सून खिडकीशी आली. "आई, आकडे पाहायला या."

मी गेले. आजही बाकावर माणसं होती. टायर मऊ होते, बारीक नक्षीचे. तिनं बोट ठेवलं तिथे मी वाकून वाचलं. दोन महिन्यांचे होते. ती विचारत नव्हती, दाखवत होती, हे मला समजलं. मी मान हलवली. हात टायरकडे जात होता, तो मी पदरात घेतला.