अंगठ्याला बांधलेली तार

उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली पॉलिस्टरच्या धाग्याची चमकदार तार, गोधडीखालून निघून खिडकीच्या गजांमधून बाहेरच्या काळोखात दिसेनाशी झालेली... सुरतेतलं माझं बालपण आठवू गेलं की ते असं पायाकडून सुरू होतं.

उधन्याच्या आमच्या गल्लीत रात्र कधी निःशब्द नसे. टोकाच्या कारखान्यातल्या मागांची खटखट भिंतीतून, फरशीतून, उशीतून अंगात शिरायची. त्यातल्याच एका मागावर माझे वडील, आबा, रातपाळीला असत. माय नुकतीच तापानं गेली होती. खोलीत उरले होते मी, तिची गोधडी आणि आबांच्या खुंटीवरच्या सदऱ्याला येणारा मशीनच्या तेलाचा वास. शेजारच्या कमलमावशीला अधूनमधून डोकावता यावं म्हणून दार नुसतं लोटलेलं असे. आणि पाच वर्षांची मी झोपेतून उठून, मायला शोधत, त्याच दारातून बाहेर पडे. एकदा तर मावशीला मी पार खाडीच्या काठाशी सापडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांनी कारखान्यातून तार आणली.

“हाई तार मन्हा मशीनले बांधेल शे,” अंगठ्याला गाठ मारत ते म्हणाले. “तू उठनी का तार तुटी जाई, मशीन बंद पडी जाई. पडी ऱ्हाय, माय.”

मग मी पडून राहू लागले. आढ्याकडे बघत, घसा कोरडा पडला तरी माठाकडे न जाता, आबांचं मशीन अंगठ्यावर सांभाळत... इतकं एकटं मला पुढे कधीच वाटलं नाही. माय हवी असे, आणि हलायची मात्र सोय नसे.

एके रात्री झोपेत कूस बदलली आणि तार तुटली. नेमकी त्याच क्षणी वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. ती शांतता मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि ती माझ्यामुळे झाली होती! मी रडत रडत चांदण्याच्या कवडशात तारेची दोन टोकं शोधली आणि सुटीच्या दिवशी आबांनी शिकवलेली, मागावरचा तुटलेला धागा जोडायची कारागिराची गाठ मारली. तीनदा सुटली, चौथ्यांदा बसली. थोड्या वेळानं वीज आली, माग सुरू झाले. सकाळी आबांनी ती गाठ उजेडात धरून पाहिली. “बेस मारी,” एवढंच म्हणाले, आणि तोंड धुवायला म्हणून बराच वेळ बाहेर राहिले.

बऱ्याच वर्षांनी आबा वारले तेव्हा कमलमावशी भेटायला आली. पार वाकली होती. माझा हात हातात घेऊन म्हणाली, “तुन्ही तार मन्हा बांगडीले बांधेल राहे, पोरी. तू हालनी का माले जाग येये.”

मी नकळत उजवा पाय जवळ ओढून घेतला, आणि ती सांगत राहिली.

“लाइट गयी त्या राते तार ढिली पडनी, म्हनीसन मी पळत उनू. दारमा उभी व्हतू. तू गाठ मारी राहिंती... मी काहीच बोलनू नही. म्हनं, मारू द्या तिले. बापनं मशीन तिलेच चालू करू द्या.”

म्हणजे त्या साऱ्या रात्री भिंतीपलीकडे एक बाई माझ्यासाठी अर्धवट जागी होती, आणि मला मात्र वाटत राहिलं, की जगात मी एकटीच आहे. हे तेव्हा कळलं असतं तर!

आता मावशीही नाही. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला राहतो. इथे रात्री खरोखरच शांत असतात. मध्येच जाग येते, घशाला कोरड पडलेली असते. उठून पाणी प्यावंसं वाटतं, तरी पाय हलवायच्या आधी मी थोडा वेळ तशीच पडून राहते. पलीकडे कुणाची तरी झोप मोडेल, असं वाटतं.